रंग, कागद आणि घडीचं स्टूल



आमच्या बचत गटाच्या रजिस्टरमध्ये 'कर्जाचं कारण' असा एक रकाना आहे. त्यात वर्षानुवर्षं तेच शब्द आलटून पालटून येतात. शिलाई मशीन, मुलाची फी, दवाखाना, मोठी शेगडी, घराचं डिपॉझिट. दोन वर्षांपूर्वी त्या रकान्यात पहिल्यांदा लिहिलं गेलं, 'रंग, कागद आणि घडीचं स्टूल'. रक्कम 15,000 रुपये. ते लिहिलं जाण्याआधी गटाच्या दोन मासिक बैठका याच विषयावर गेल्या, आणि दुसऱ्या बैठकीत आवाजही चढले.

काम असं की नदीकाठी, टेकडीवर, पेठेतल्या बोळात बसायचं, समोर जे दिसतं त्याचं चित्र तिथल्या तिथे पुरं करायचं आणि त्यावर पोट भरायचं. चित्रकार मंडळी याला 'आउटडोअर' म्हणतात, कुणी 'ऑन द स्पॉट' म्हणतं. फोटो काढून घरी पंख्याखाली बसून केलेलं चित्र वेगळं, हे वेगळं.

कर्ज मागितलं होतं गटातल्या एका ताईंच्या मुलीसाठी. या ताई पोळीभाजीचे डबे देतात. मुलीला शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट दोन्ही परीक्षांना ए ग्रेड, दहावीला त्याचे वाढीव गुणही मिळाले, आणि बहुतेक घरांत होतं तसं चित्रकलेचं काम तिथे संपलं. पुढे बी. कॉम., मग एका दुकानात बिलिंगची नोकरी. रविवारी मात्र ती सकाळी उठून चित्र काढणाऱ्यांच्या एका गटाबरोबर जायची. आता तिला हेच पूर्ण वेळ करायचं होतं.

बैठकीत आमच्या बायकांनी विचारलेले प्रश्न कुठल्याही बँकेच्या साहेबाने विचारावेत असे होते. दिवसाला नग किती निघतात? घेणारा कोण? खराब झालं तर दुरुस्त करता येतं का? पावसाळ्यात धंदा बंद का? आम्हाला यातलं एकही उत्तर माहीत नव्हतं. मग ठरलं की आधी काम बघून येऊ.

एका शनिवारी आम्ही चौघी सकाळी साडेसहाला ओंकारेश्वरापाशी पोहोचलो. मुलगी आधीच येऊन बसली होती. तिने कागद एका फळीवर चिकटपट्टीने चारी बाजूंनी पक्का केला होता. जलरंगाचा पूर्ण कागद 22 बाय 30 इंचांचा येतो. त्याचे चार भाग केले की 11 बाय 15 इंचांचा एक तुकडा निघतो, त्यावर ती काम करते. कागद जाड लागतो, 300 जीएसएमचा, नाहीतर पाणी लागलं की फुगून पापडासारखा वाकडा होतो. सरावासाठी पातळ कागद चालतो. आपल्या शिवाजीनगरला 1940 साली सुरू झालेली हातकागद संस्था आहे, तिथला सुती चिंध्यांचा कागदही काहीजण आवडीने वापरतात. पण विकायच्या कामाला पूर्ण सुती, भारी कागदच हवा आणि तो महाग पडतो. कर्जातला मोठा वाटा त्या कागदाचाच होता.

पहिली दहा-पंधरा मिनिटं तिने काहीच केलं नाही. नुसती डोळे किलकिले करून बघत बसली. आमच्यातली एक कुजबुजली, "हिला झोप आलीय का?" नंतर कळलं की डोळे अर्धे मिटले की बारीकसारीक गोष्टी दिसेनाशा होतात आणि उजेड कुठे, अंधार कुठे एवढंच उरतं. चित्र उभं राहतं ते त्यावर. पाच-सात पेन्सिलीच्या रेघा मारल्या आणि ती रंगाकडे वळली.

जलरंगात पांढरा रंग सहसा वापरत नाहीत. जिथे पांढरं हवं तिथे कागद कोरा सोडायचा. म्हणजे कळसावरचं ऊन रंगवायचं नसतं, त्याच्या भोवतालचं रंगवायचं असतं. आधी फिकट, मग गडद. एकदा गडद झालं की मागे येता येत नाही. सगळ्यात अवघड म्हणजे ओल. पहिला हात ओला असतानाच दुसरा रंग लावला तर तो आत पसरतो, धुक्यासारखा मऊ दिसतो. वाळल्यावर लावला तर कडा धारदार येते. अर्धवट वाळलेल्यावर लावला तर डाग पडतो आणि चित्र गेलं. हे ऐकल्याबरोबर डबेवाल्या ताई म्हणाल्या, "अगं, हे तर पाकासारखं झालं. एकतारी हवा तर एकतारीलाच उतरवायचा." इतकी वर्षं मुलीला चित्र काढताना बघून जे त्यांना कळलं नव्हतं ते त्या एका वाक्यात कळलं, असं आम्हाला त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं.

तेवढ्यात ऊन सरकलं. देवळाच्या भिंतीवरची सावली हातभर खाली आली. आम्ही घाबरलो, आता काय करणार? ती म्हणाली, "सावली मी पहिल्यांदाच ठरवून टाकली, मावशी. तिच्यामागे धावलं तर चित्र कधीच होत नाही." दीड तासात काम संपलं. पावणेनऊला सगळीकडे सपाट ऊन पसरलं आणि तीच जागा बघण्यासारखी राहिली नाही.

आता खरी अडचण सांगतो. चित्रकाराला हवा तो उजेड सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी साडेचार ते साडेसहा एवढाच असतो. तेव्हा सूर्य तिरपा असतो, सावल्या लांब पडतात, वस्तूंना गोलाई येते. आणि मैत्रिणींनो, सकाळी सात ते नऊ आपल्या घरात काय चाललेलं असतं ते तुम्हाला सांगायला नको. पाणी, डबा, शाळेची रिक्षा, कुकर. संध्याकाळी पुन्हा तेच. सूर्याने आणि कुकरने नेमकी एकच वेळ धरलेली आहे. या मुलीच्या घरी तर रोज सकाळी सव्वाशे पोळ्या व्हायच्या, त्यातल्या निम्म्या ती लाटायची. तेव्हा बैठकीत भांडण झालं ते रंगांवरून नाहीच. कागदाला पैसे देऊ, पण सकाळी पोळ्या कोण करणार, यावरून झालं.

बाईमाणसाला उघड्यावर बसून चित्र काढायला काय काय आडवं येतं हे बघायचं तर लांब फ्रान्समधलं एक उदाहरण आहे. रोझा बोनूर नावाची मोठी चित्रकार. 1850च्या सुमारास तिला पॅरिसच्या घोडेबाजारात जाऊन घोड्यांचा अभ्यास करायचा होता. झग्यात वावरणं अवघड आणि लोकांच्या नजरा वेगळ्या. तिने पँट घालण्यासाठी पोलिसांकडून रीतसर परवाना काढला, कारण तेव्हा बायकांना तसा लागायचा. त्यातून झालेलं 'द हॉर्स फेअर' हे प्रचंड चित्र आज न्यूयॉर्कच्या संग्रहालयात आहे. आपल्याकडे अंबिका धुरंधर यांनी मुंबईच्या जे. जे. स्कूलमधून 1931 साली चित्रकलेची पदविका घेतली. त्यांचे वडील म्हणजे नामवंत चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधर. घरात पाठबळ होतं, शिकवणारा घरातच होता. तसं घर किती जणींना मिळालं असेल? आज कला महाविद्यालयांत मुली भरपूर दिसतात. पण लग्नानंतर, मूल झाल्यावर सकाळी सातला नदीवर स्टूल टाकून बसलेली बाई शोधायला गेलात तर बराच वेळ शोधावं लागेल.

हे काम पुण्यात नवीन अजिबात नाही. सव्वादोनशे वर्षांपूर्वी, सवाई माधवराव पेशव्यांच्या काळात, जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार पुण्यात आला होता. इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट याच्या आग्रहावरून पेशव्यांनी शनिवारवाड्यात चित्रशाळा काढू दिली. तिथे तयार झालेला आपला माणूस म्हणजे गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट. आडनावावरून कळतंच की घराणं तांब्याच्या भांड्यांचं. या गंगारामाने वेरूळला आणि कार्ल्याला जाऊन, जागेवर बसून, लेण्यांची चित्रं काढली. वेल्स 1795 साली वारला. गंगारामाची बरीच चित्रं आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात जपून ठेवलेली आहेत. कसबा पेठेतल्या तांबट आळीतून आपण इतक्या वेळा गेलो, ठोक्यांचा आवाज ऐकला, पण हे नाव आम्हाला कुणी शाळेत सांगितलं नव्हतं.

आणि पोटाचं काय, तर कोल्हापूरचे आबालाल रहिमान आठवावेत. जे. जे. मध्ये शिकलेले, शाहू महाराजांच्या आश्रयाला असलेले. रंकाळा, पंचगंगा, कोटीतीर्थ यांची त्यांनी केलेली निसर्गचित्रं आजही चित्रकार नमुना म्हणून बघतात. 1922 साली महाराज गेले आणि आधार तुटला. दुःखाच्या भरात त्यांनी आपली कितीतरी चित्रं कोटीतीर्थात बुडवली असं सांगतात. पुढे रंग विकत घ्यायलाही पैसे नसायचे, असंही सांगतात. 1931 साली ते वारले. ही गोष्ट आम्ही बैठकीत सांगितली तेव्हा एक काकू पटकन म्हणाल्या, "म्हणजे एकाच गिऱ्हाइकावर धंदा चालवू नये." आम्हाला वाटतं, आबालालांवर लिहिणाऱ्यांनी हे इतक्या थोडक्यात सांगितलेलं नाही.

आजच्या काळातलं उदाहरण पुण्यातच आहे. मिलिंद मुळीक. शिक्षण इंजिनिअरिंगचं, पुण्याच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजातलं. वडील प्रताप मुळीक यांचं नाव अमर चित्र कथा वाचलेल्यांना माहीत असेल. मिलिंद मुळीक यांनी नोकरीऐवजी जलरंग धरला आणि त्यावर उभे राहिले. पण कसे उभे राहिले ते बघण्यासारखं आहे. चित्रं विकली जातात, शिवाय ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेली त्यांची शिकवणारी पुस्तकं आहेत, कार्यशाळा आहेत, लोकांसमोर चित्र करून दाखवणं आहे. म्हणजे एका कामाच्या चार वाटा. पुस्तकात पायरी पायरीने दाखवलेलं असल्यामुळे वर्गाची फी न परवडणारी मुलंही त्यावरून शिकतात. आमच्या मुलीकडे त्यातलं एक पुस्तक होतं, पानं सुटलेलं, रंगांचे डाग पडलेलं.

दुसऱ्या बैठकीत शेवटी हिशोब मांडला तो असा. रंग, ब्रश, कागद आणि स्टूल मिळून 9,000. उरलेले 6,000 पोळ्यांसाठी. म्हणजे आठवड्यातल्या चार सकाळी गटातलीच एक बाई डबेवाल्या ताईंकडे लाटायला जाईल आणि तिला रोजचे पैसे मिळतील, तीन-साडेतीन महिने. तोवर मुलीने काहीतरी मिळवायला सुरुवात करावी. बिलिंगची नोकरी तिने दुपारची करून घेतली. व्याज नेहमीचंच, शेकडा एक रुपया महिना. हप्ता 1,000, पंधरा महिने. एका ताईंचा विरोध शेवटपर्यंत राहिला. त्यांचं म्हणणं होतं की पोळ्या लाटायला कर्ज देणं म्हणजे पगार देणं झालं, तो पायंडा वाईट. त्यांचं म्हणणं रजिस्टरमध्ये नोंदवलं आहे. आमचं मत उलटं आहे. शिलाई मशीनला कर्ज घेणारीलाही मशीनवर बसायला वेळ लागतोच, तो ती झोपेतून काढते म्हणून हिशोबात दिसत नाही, इतकंच.

पहिल्या वर्षात काय झालं? थोडक्यात सांगतो. पहिले तीन महिने विक्री जवळपास नाही. मग सोसायटीतल्या मुलांचा शनिवार-रविवारचा वर्ग सुरू झाला आणि हप्त्यापुरते पैसे दर महिन्याला यायला लागले. एका खाण्याच्या जागेच्या मालकाने पाच चित्रं भिंतीवर लावायला नेली, विकली गेली तर पैसे देऊ म्हणून. सात महिने हेलपाटे. दोन चित्रं विकल्याचं कळलं, पैसे एकाचेच मिळाले, आणि एक परत आलं ते तेलकट होऊन. कागदावर काही लिहिलेलं नव्हतं. जून-जुलैचे दोन हप्ते चुकले. पावसात भिडे पूल पाण्याखाली गेला की तो काठच बंद होतो, आणि हवेत इतकी ओल असते की रंग वाळतच नाही. एप्रिलमध्ये उलट, ब्रश कागदावर टेकेपर्यंत कड वाळते. पुण्याचा खरा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पहाटे मुठेवर धुकं असतं, पर्वतीवरून सिंहगडाकडचे डोंगर एकामागे एक निळे होत जातात. वाळवणाच्या कामासारखंच हे. हंगामात करून ठेवायचं आणि वर्षभर विकायचं.

मग वाड्याचं काम आलं. पेठेतला एक जुना वाडा पाडून तिथे इमारत होणार होती. मालक आणि भाडेकरू मिळून नऊ बिऱ्हाडं. त्यातल्या एका आजींना निघण्याआधी वाड्याचं चित्र हवं होतं. फोटो होते त्यांच्याकडे, नातवाने मोबाइलवर दोनशे काढले होते. पण त्या म्हणाल्या, "फोटोत सगळंच येतं गं. मला माझं तेवढंच हवंय." मुलगी तीन सकाळी तिथे चौकात बसली. पहिल्या दिवशी आजी शेजारी खुर्ची टाकून बसल्या आणि सांगत राहिल्या की इथे नळ, इथे 1961च्या पानशेतच्या पुराचं पाणी टेकलं होतं, या पायरीवर आम्ही मेतकूट दळून आलं की चाळायचो. नळ आता प्लॅस्टिकचा होता, मुलीने तो तसाच काढला. आजींनी पितळी करायला सांगितला. दोघींत त्यावरून थोडी रंगली. शेवटी नळ प्लॅस्टिकचाच राहिला, पण चौकात सकाळचं ऊन पडतं ते पायरीवर, मेतकूट चाळायच्या जागी, असं चित्र झालं. कागदाचा पांढरा तिथेच सोडलेला होता.

ते चित्र बघून त्याच वाड्यातल्या आणखी चार घरांनी मागितलं. प्रत्येकाला वाडा वेगळा हवा होता. एकाला दर्शनी दिंडीदरवाजा, एकाला मागचा जिना, एका काकांना फक्त त्यांची खिडकी, बाहेर सायकल लावलेली. पाच चित्रांचे पैसे आले, राहिलेले सगळे हप्ते एकदम भरले गेले. वाडा आता नाही. पुण्यात असे किती वाडे रोज उतरतायत ते आपण बघतोच. या मुलीचं काम वाढतंय ते वाडे पडतायत म्हणून, हे तिला स्वतःलाही बोचतं. आम्ही तिला सांगितलं की वाडा तुझ्या चित्रामुळे पडत नाही आणि वाचतही नाही. दुसरं काही सांगण्यासारखं आमच्याकडे नव्हतं.

तुमच्यापैकी कुणाला किंवा तुमच्या मुलीला या वाटेला जायचं असेल तर आमच्या गटाने या दोन वर्षांत ज्या गोष्टी ठरवून टाकल्या त्या सांगतो. एकटीने जायचं नाही, निदान पहिलं वर्ष. शेजारी बसणारीने चित्रच काढलं पाहिजे असं नाही, आमच्यातल्या एकजणी लसूण सोलत बसतात. जागा निवडताना देखावा नंतर, स्वच्छतागृह आधी. हे ऐकायला विचित्र वाटेल, पण तीन तास बाहेर राहायचं तर बायका पाणीच पीत नाहीत आणि मग दुखणी काढतात. मंडई, तुळशीबाग, ओंकारेश्वर, एम्प्रेस गार्डन इथे सोय बघून ठेवता येते. वेताळ टेकडीवर सुंदर उजेड असतो, पण तिथे घरून निघतानाच वेळ मोजून निघावं. शनिवारवाड्यासारख्या संरक्षित जागेत आत स्टँड लावायचा असेल तर आधी विचारून घ्यावं. माणसं भोवती जमतात, "माझं काढता का" म्हणतात, काही जण नको इतके जवळ येतात. भिंतीला पाठ लावून बसलं की निम्मा त्रास कमी होतो.

पैशाचं म्हणाल तर कामाची मागणी आली की निम्मी रक्कम आधी. पावती पुस्तक दहा-वीस रुपयांना मिळतं, ते सोबत ठेवायचं. 'विकलं तर देऊ' या बोलीवर चित्र द्यायचंच असेल तर किती चित्रं, कुठल्या मापाची, किती दिवसांत परत, खराब झालं तर भरपाई कोण देणार, हे एका कागदावर लिहून सही घ्यायची. किंमत मापावरून ठरवावी आणि सगळ्यांना तीच सांगावी. ओळखीच्या माणसाला सवलत द्यायची तर चित्र भेट द्यावं, पण भाव पाडू नये. बालगंधर्वच्या कलादालनात प्रदर्शन करायचं स्वप्न असेल तर भाडं, फ्रेमा आणि पत्रिका यांचा खर्च आधी लिहून काढावा. फ्रेमांचा खर्च ऐकून आमच्या मुलीने ते पुढच्या हंगामावर टाकलं आहे.

सामान फार लागत नाही. रंगाच्या ट्यूबा आपण दात घासायच्या पेस्टसारख्या सहज दाबतो, पण धातूची अशी ट्यूब जॉन रँड नावाच्या अमेरिकन चित्रकाराने 1841 साली काढली आणि त्यानंतरच रंग घेऊन बाहेर पडणं सोपं झालं. त्याआधी तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशव्यांत बांधून न्यायचे म्हणे. सुरुवातीला आठ-दहा रंग, दोन ब्रश, फळी, जुना सुती कपडा. टोपी हवीच, गॉगल मात्र नको, रंग चुकीचे दिसतात. आणि पाण्याच्या बाटल्या दोन घ्याव्यात, एक रंगाला, एक प्यायला, वेगवेगळ्या आकाराच्या. चित्राच्या नादात रंगाच्या पाण्याचा घोट घेतलेल्या दोघी आमच्या माहितीत आहेत.